जिल्हा परिषदेची शाळा की खाजगी? पाटी वाचून नको, वर्ग पाहून ठरवा



गुढीपाडवा जवळ आला की आम्हा प्राथमिक शिक्षकांना वर्गातल्या कामाबरोबर गावातलंही एक काम लागतं. 'गुढीपाडवा, पट वाढवा' म्हणत घरोघरी फिरायचं, अंगणवाडीतून बाहेर पडणाऱ्या मुलांची यादी करायची आणि पालकांना समजवायचं की मुलाला आपल्या शाळेत घाला. लोक चहा देतात, चांगलं बोलतात आणि शेवटी ठरलेला प्रश्न विचारतात. "बाई, तुमचं सगळं खरं, पण इंग्रजीचं काय?" कधी त्याहून सरळ प्रश्न येतो. "तुमची स्वतःची मुलं कुठं आहेत?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. दारात उभं राहून त्यांची उत्तरं पाच मिनिटांत देता येत नाहीत, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

मी जि. प. शाळेत शिकवते आणि माझी मुलगीही जि. प. शाळेत दुसरीत आहे. म्हणजे मी एका बाजूची आहे, हे आधीच सांगून टाकते. तरी खाजगी शाळा वाईट आणि सरकारी शाळा चांगली, असं मला म्हणायचं नाही. माझं मत एवढंच आहे. पहिली ते चौथीसाठी घराजवळच्या सरकारी शाळेत मन लावून शिकवणारे शिक्षक असतील, तर तीच शाळा पहिली पसंती असावी. तसे शिक्षक नसतील, तर केवळ 'आपली मराठी शाळा' या अभिमानापायी मुलाची चार वर्षं पणाला लावू नयेत.

'खाजगी' म्हणजे नेमकी कोणती?

आपण 'खाजगी' हा शब्द फार ढोबळपणे वापरतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली सुरू केलेली रयत शिक्षण संस्था ही सरकारी नव्हे. पण तिच्या अनुदानित शाळांतल्या शिक्षकांचा पगार शासन देतं, आणि पिढ्यान् पिढ्या शेतकऱ्या-मजुरांची मुलं तिथं शिकली. दुसरा प्रकार विनाअनुदानित शाळांचा. आणि २०१२ च्या कायद्यानंतर स्वयंअर्थसहाय्यित शाळा वाढल्या, त्या पूर्णपणे फीवर चालतात. या तिन्ही शाळा 'खाजगी'च, पण तिथला शिक्षकाचा पगार, त्याची नेमणूक आणि तो तिथं किती वर्षं टिकेल, या सगळ्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

तसंच सरकारी शाळांचं. जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या, महानगरपालिकेच्या शाळा आणि आश्रमशाळा, सगळ्या एका मापाच्या नाहीत. मुंबई महानगरपालिका तर आता 'मुंबई पब्लिक स्कूल' नावाने सीबीएसईच्या शाळाही चालवते. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जि. प. शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी २०२० साली ग्लोबल टीचर पुरस्काराचे मानकरी ठरले. त्याच राज्यात एक शिक्षक चार वर्ग सांभाळतोय अशाही शाळा आहेत. म्हणून पाटीवर काय लिहिलंय यावरून आतलं कळत नाही.

आकडे काय सांगतात?

'असर'चा २०२४ चा अहवाल ग्रामीण भारताबद्दल सांगतो की पाचवीतल्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर नीट वाचू शकणारी मुलं सरकारी शाळांत सुमारे ४५ टक्के होती, तर खाजगी शाळांत सुमारे ५९ टक्के. हे वाचून पालक म्हणतील, "बघा, आम्ही काय सांगत होतो!"

पण थोडं थांबा. खाजगी शाळेत जाणाऱ्या मुलाच्या घरी फी भरायची ऐपत असते, बहुतेकदा आई शिकलेली असते, संध्याकाळी शिकवणी असते. माझ्या वर्गातल्या काही मुलांचे आई-वडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. या दोघांची तुलना केली, तर आपण शाळा मोजतोय की घर, हेच कळत नाही.

हा गुंता सोडवण्याचा एक चांगला प्रयत्न आंध्र प्रदेशात झाला होता. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या दोन अर्थतज्ज्ञांनी १८० गावांत सोडत काढली. सरकारी शाळेतल्या ज्या मुलांचा नंबर लागला, त्यांना खाजगी शाळेत शिकायचा खर्च देण्यात आला. ज्यांचा लागला नाही, ती मुलं बहुतेक सरकारी शाळेतच राहिली. म्हणजे घरं सारखी, फक्त शाळा वेगळी. चार वर्षांनी तपासलं तर तेलुगू आणि गणितात दोन्ही गटांत फरक नव्हता. हिंदीत मात्र खाजगी शाळेत गेलेली मुलं पुढे होती, कारण तिथं हिंदी शिकवत होते.

यातून पालकांनी एक गोष्ट घ्यावी. शाळा बदलली म्हणून मूल आपोआप हुशार होत नाही. आणि आपण शिक्षकांनीही एक कडू गोष्ट घ्यावी. त्या खाजगी शाळांचा दर मुलामागचा खर्च सरकारी शाळेच्या एक तृतीयांशाहून कमी होता. त्यांचे शिक्षक कमी शिकलेले होते, त्यांना पगारही फार कमी होता. तरी त्यांची मुलं मागे पडली नाहीत. डी.एड., टीईटी, चांगला पगार, एवढं सगळं असून आपण फक्त बरोबरीत राहत असू, तर ही काही मिरवायची गोष्ट नाही.

इंग्रजीचं काय?

हा खरा प्रश्न आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. पालकांना इंग्रजीचं वेड लागलंय असं आपण शिक्षक कधी कधी म्हणतो, पण ते वेड नाही. नोकरीच्या जाहिराती ते वाचतात, बँकेत आणि दवाखान्यात इंग्रजी कागदासमोर गप्प बसायची वेळ त्यांच्यावर येते. आपल्या मुलावर ती येऊ नये असं वाटणं साहजिकच आहे.

पण इंग्रजी शिकणं वेगळं आणि इंग्रजीतून सगळं शिकणं वेगळं. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळेतही पहिलीपासून इंग्रजी विषय आहे. बऱ्याच जि. प. शाळांत सेमी-इंग्रजीचा पर्यायही आहे. शिक्षण हक्क कायदा म्हणतो की शक्य तिथवर शिक्षणाचं माध्यम मातृभाषा असावं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही निदान पाचवीपर्यंत आणि जमल्यास आठवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवायला सांगितलंय.

यामागचं कारण मी वर्गात पाहते. दोन वर्षांपूर्वी तिसरीत एक मुलगा इंग्रजी शाळेतून माझ्याकडे आला. फी झेपत नव्हती म्हणून आई-वडिलांनी काढला होता. त्याचं इंग्रजी अक्षर इतकं सुंदर की मी वही सगळ्या वर्गाला दाखवली. 'द काऊ इज अ डोमेस्टिक ॲनिमल' एका दमात म्हणायचा. मी विचारलं, "डोमेस्टिक म्हणजे रे काय?" तो म्हणाला, "चार पायांची." त्याच्या घरी दोन म्हशी आहेत. पाळीव जनावर म्हणजे काय हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पण घरातलं ज्ञान आणि वहीतलं वाक्य यांची गाठच पडली नव्हती. मराठीत वाचायलाही त्याला अडखळायला व्हायचं. दोन्ही भाषा अर्ध्यावर राहिल्या होत्या.

सगळ्या इंग्रजी शाळांत असं होतं असं मी म्हणत नाही. घरी थोडंफार इंग्रजी बोललं जात असेल, शिक्षकाचं इंग्रजी चांगलं असेल, तर मूल निभावून नेतं. पण पहिलीचं पुस्तक घरी कुणालाच वाचून दाखवता येत नसेल, तर ते मूल शाळेत एकटं पडतं. ज्या घरात इंग्रजी वाचणारं कुणी नाही, त्यांनीच इंग्रजी माध्यम घ्यायच्या आधी जास्त विचार करावा.

खर्चाचा हिशेब एकदा मांडा

माझ्या दिरांची दोन्ही मुलं तालुक्याच्या गावी इंग्रजी शाळेत जातात. एका मुलाचा वर्षाचा खर्च आम्ही एकदा कागदावर मांडला. फी २८ हजार, व्हॅन महिना ९०० प्रमाणे दहा महिन्यांचे ९ हजार, पुस्तकं-गणवेश-बूट ६ हजार, शिकवणीचे ५ हजार. झाले ४८ हजार. नर्सरी ते चौथी अशी सात वर्षं धरली तर ३ लाख ३६ हजार, आणि तेही फी एक रुपयानेही वाढणार नाही असं धरून! दीर शांत बसले. म्हणाले, "वहिनी, हे असं एकदम कधी मांडलंच नव्हतं."

ज्यांना झेपतं त्यांनी जरूर करावा हा खर्च. पण लहानपणीच सगळी पुंजी संपवून दहावीनंतर, खरी गरज असते तेव्हा, हात आखडता घ्यावा लागला असं होऊ नये. मुलगा इंग्रजी शाळेत आणि मुलगी मराठी शाळेत, ही वाटणीही मी अनेक घरांत पाहते. पैसा कमी पडला की तो मुलीच्या वाट्याचा कमी पडतो. माझ्या वर्गात मुलींची संख्या जास्त आहे, त्याचं मला म्हणूनच कौतुक वाटत नाही.

शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के जागांचाही विचार करा. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना खाजगी विनाअनुदानित शाळेत या जागांवर फी न भरता प्रवेश मिळतो. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खाजगी शाळेला यातून सूट, असा बदल राज्याने २०२४ च्या फेब्रुवारीत केला होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो त्याच वर्षी जुलैत रद्द केला. तेव्हा हा हक्क शाबूत आहे. फक्त तो आठवीपर्यंतच आहे, हे ध्यानात ठेवा. नववीला त्याच शाळेची पूर्ण फी कशी भरणार, हे पहिलीच्या प्रवेशावेळीच घरात बोलून घ्या.

आमच्या शाळांतलं जे दुखतं तेही बोलू

सरकारी शाळेची बाजू घ्यायची तर तिच्या उणिवा लपवून चालणार नाही.

पहिली गोष्ट म्हणजे शिक्षकसंख्या. कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे चाळीस पटाच्या शाळेत एका शिक्षकाकडे किमान दोन वर्ग आलेच. एका बाजूला पहिलीला अक्षरं गिरवायला द्यायची आणि दुसऱ्या बाजूला दुसरीची वजाबाकी. हे जमतं, पण त्यासाठी तयारी लागते. दोघांतला एक प्रशिक्षणाला किंवा रजेवर गेला की चारही वर्ग एकट्यावर.

दुसरी गोष्ट, अशैक्षणिक कामं. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण सोडून शिक्षकाला दुसरी कामं देऊ नयेत असं कायद्याचं कलम २७ सांगतं. प्रत्यक्षात ऑनलाइन माहिती, फोटो आणि तातडीचे तक्ते यांत किती तास जातात, ते शिक्षक वाचकांना सांगायला नको.

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड. आपल्यातलेच काही जण वर्गात असून नसल्यासारखे असतात. गावाला ते माहीत असतं, पण कुणी बोलत नाही.

आणि पट घसरला की सगळंच घसरतं. मुलं कमी झाली की शिक्षक कमी होतो, शिक्षक कमी झाला की उरलेले पालकही मुलं काढतात. २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचा विचार पुढे आला, तेव्हा वाड्या-वस्त्यांवरचे पालक धास्तावले होते. सहा वर्षांच्या मुलीला ओढा ओलांडून दुसऱ्या गावी कसं पाठवायचं, हा त्यांचा प्रश्न होता.

आमच्या घरी कसं ठरलं

मुलगी सहा वर्षांची झाली तेव्हा आमच्या घरीही महिनाभर हीच चर्चा होती. सासूबाई म्हणाल्या, "लोक म्हणतील, मास्तरीण असून पोरीची फी भरायला पैसे नाहीत." आम्ही दोघांनी ठरवलं की जाऊन बघायचं.

खाजगी शाळेत आम्हाला छान ऑफिसात बसवलं, माहितीपत्रक दिलं, संगणक कक्ष दाखवला. वर्गात थोडा वेळ बसू का विचारल्यावर म्हणाले, "सॉरी मॅडम, मुलं डिस्टर्ब होतात." आम्ही राहतो त्या गावच्या जि. प. शाळेत गेलो तेव्हा बाई पहिली-दुसरी एकत्र घेत होत्या. एका मुलाने फळ्यावर सतराऐवजी एकाहत्तर लिहिलं होतं. बाईंनी ते पुसलं नाही. चिंचोके पुढे ठेवले आणि म्हणाल्या, "आता एवढे मोजून दाखव." दहा-दहाचे ढीग होत गेले, चार पोरं मदतीला आली, भांडली, आणि शेवटी त्यानेच हसत जाऊन फळा पुसला. आमचं तिथंच ठरलं.

यात आम्ही काही गमावलं नाही असं नाही. घरी पाहुणे आले की माझा पुतण्या इंग्रजीत स्वतःची ओळख करून देतो, कविता म्हणतो. माझी मुलगी दाराआड उभी राहते. तेव्हा मलाही आत कुठंतरी टोचतं. पण रात्री ती आजीला गोष्टीचं पुस्तक वाचून दाखवते, मध्येच थांबून "कोल्हा खोटं का बोलला असेल गं आजी?" असं विचारते. इंग्रजी तिला शिकवायचंच आहे आणि ते आम्ही शिकवू. आधी तिला वाचता आणि विचारता येऊ दे.

शाळा बघायला जाल तेव्हा

शाळा कोणतीही असो, प्रवेशाआधी हे जरूर करा.

१. वर्गात अर्धा तास बसू द्या म्हणून विचारा. मुलं बोलतात, प्रश्न विचारतात, की नुसती एका सुरात म्हणतात, ते पाहा.

२. तिसरीतल्या दोन-तीन मुलांना त्यांच्या पुस्तकात नसलेला उतारा वाचायला द्या आणि काय समजलं ते विचारा. यात हुशार नंबर निवडू नका, मधल्या बाकावरची मुलं घ्या.

३. शिक्षकांचं शिक्षण काय, ते इथं किती वर्षं आहेत, दरवर्षी किती जण सोडून जातात, हे विचारा. जि. प. शाळेत किती पदं रिकामी आहेत, तेही विचारा.

४. मागे पडलेल्या मुलासाठी काय करता, असं विचारा. "पालकांना बोलावतो" एवढंच उत्तर आलं, तर समजून जा.

५. मुलींचं स्वच्छतागृह स्वतः उघडून बघा. पाणी आहे का ते नळ सोडून बघा.

६. घरापासून अंतर बघा. रोज दीड-दोन तास व्हॅनमध्ये काढणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाच्या खेळाचा वेळ कुठून येणार?

प्रवेश घेतल्यावर काम संपत नाही

सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालकच असायला हवेत आणि निम्म्या महिला. बऱ्याच गावांत ही समिती सहीपुरती उरलीय. कारण ज्याच्या शब्दाला गावात वजन आहे, त्या सरपंचाचं, सोसायटीच्या चेअरमनचं आणि आपल्या शिक्षकाचं मूल त्या शाळेत नसतंच. मागे राहतात ते रोजंदारीवर जाणारे आई-बाप. बैठकीसाठी दिवस मोडला तर त्यांचा रोज बुडतो. मग रिकाम्या पदाबद्दल विचारणार कोण? आमच्या शाळांचं खरं नुकसान विचारणारा पालक गेल्यामुळे झालं, असं माझं ठाम मत आहे. चार जागरूक पालक रोज फाटकाशी उभे राहून "आज काय शिकवलं?" विचारू लागले, तर सुस्त शिक्षकही तयारी करून येतो.

आणि आपण शिक्षक?

२०१५ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशात आदेश दिला होता की सरकारी पगार घेणाऱ्यांनी मुलांना सरकारी प्राथमिक शाळेत घालावं. अशी सक्ती मला पटत नाही. बदल्या होतात, नवरा-बायको दोन तालुक्यांत असतात, प्रत्येकाची अडचण वेगळी. पण ज्या खानावळीचा आचारी स्वतःचा डबा घरून आणतो, तिथं गिऱ्हाईक कसं टिकणार? कुणी कुणाला दोष न देता आपण प्रत्येकाने स्वतःला एकच विचारावं, माझ्या वर्गात माझं स्वतःचं मूल मी निर्धास्तपणे बसवेन का? उत्तर 'हो' असेल तर पट वाढवायला दारोदार फिरताना मान खाली घालावी लागणार नाही. उत्तर 'नाही' असेल, तर जे दुरुस्त करायला हवं त्याची यादी तिथंच मिळते. त्यातलं काही शासनाच्या हातात आहे, काही आपल्याही.

पालकांना शेवटची विनंती. शेजाऱ्याच्या दारात पिवळी गाडी येते म्हणून घाईने निर्णय घेऊ नका आणि फुकट आहे म्हणूनही घेऊ नका. १५ जूनला अजून वेळ आहे. एक दिवस रजा काढा, एक रोज बुडाला तर बुडू द्या, पण दोन शाळांच्या वर्गांत जाऊन बसा. जाताना मुलालाही सोबत न्या. कुठल्या वर्गात ते तुमचं बोट सोडून पुढे जातं, तेही बघा.